भादरलेला हात

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. शाळा आठवीत सुटली, ऱ्हस्व-दीर्घ तिकडेच राहिले. शब्दही साधेच आहेत, लाकूडकामातल्या माणसाचे.

तर अहेरीचा लोकेश सुतार. त्याच्या रंधा मशीनची तीन पाती बोथट झाली की बसने चंद्रपूरला धारेला जायची आणि आठ दिवसांनी यायची, तीही कडेला निळी, म्हणजे जळालेली. या खेपेला त्याने ठरवलं, धार घरीच लावायची. मोबाईलवर बघून सागाच्या ठोकळ्याला दोन तिरक्या खाचा पाडल्या. त्यात पाती बसवायची आणि काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर ठोकळा घासत राहायचं. (एकटं पातं बसवलं की ठोकळा डुगडुगतो. जोडी पाहिजे.) काच मात्र बैठकीतल्या टीपॉयची होती. म्हणून त्याने टीपॉयवर चादर टाकली आणि आईला सांगितलं, पाती चंद्रपूरला गेली.

आई, म्हणजे धुरपताबाई, फसणारी नाही. रोज दुपारी स्वयंपाकघराचं दार बंद, आतून खस्स-खस्स आवाज, मोरीत काळं पाणी. तिने दोनदा लोकेशच्या तोंडाचा वास घेतला, एकदा पाण्याचा.

धार लागली की नाही, हे सुतार हातावरचे केस भादरून पाहतो. पातं फूटभर लांब, दर दोन बोटांवर तपासावं लागतं. पहिल्या दोन पात्यांत डावा हात संपला. तिसऱ्याला दोन्ही पोटऱ्या दिल्या.

रविवारी वरोऱ्याकडून नीलिमाचे वडील हरिदासभाऊ आणि मावशी कलाबाई घर पाहायला आले. नीलिमाचा होकार आधीच आला होता, आणि लोकेश तेव्हापासून हवेत होता. आता हे दोघं या घरी जेवले की सोयरीक पक्की. तो उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसला. पण जेवायला हात धुताना बाही वर गेली.

कलाबाई म्हणजे त्यांच्या गावच्या आशाताई, सरकारी आरोग्याचं काम करणाऱ्या. घरोघरी फिरून कुष्ठरोगाचे बधिर, बिनकेसाचे चट्टे शोधायची त्यांना सवय. त्यांनी हात धरला तो सोडलाच नाही. पर्समधून पेन काढून टोक टोचलं.

"इथी लागते का, बापू?"

"लागते, मावशी."

"मंग केस कुठी गेले?"

लोकेश बाही खाली ओढू लागला. कलाबाईंनी पँट वर करायला लावली. दोन्ही पोटऱ्यांवर तुळतुळीत चट्टे. हरिदासभाऊंचा पहिला घास हातातच थांबला.

"बाई, जेवू का उठू?"

आता हा माणूस ताटावरून उठला तर नीलिमा गेली. लोकेश उठून आत गेला आणि पातं घेऊन आला. (बोलण्यापेक्षा हे सोपं वाटलं. हातात फूटभर पातं घेऊन येणारा जावई कसा दिसतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.) मग धारेची सगळी हकिगत अडखळत सांगितली.

"तू त चंद्रपूरले धाडली होती न?" धुरपताबाई म्हणाल्या.

"करून दाखव," कलाबाई म्हणाल्या.

पण कशावर? डावा हात आणि पोटऱ्या संपलेल्या, उजवा हात भादरायला डाव्या हातात पातं धरता येईना. शेवटी हरिदासभाऊंनीच आपला दाट केसांचा हात पुढे केला आणि डोळे मिटले. पातं आवाज न करता फिरलं. चार बोटं जागा लख्ख झाली. भाऊंनी त्या जागेवरून हात फिरवला, घास तोंडात टाकला आणि खूश होऊन लोकेशच्या पाठीवर अशी थाप मारली की पातं फरशीवर पडलं. धारेला तांदळाएवढा खड्डा. एक पातं घासून कमी केलं की तिन्ही तेवढीच कमी करावी लागतात.

कलाबाईंचं समाधान अजून अर्धंच होतं.

"पोरगं चांगलं दिसते. पण माह्या मनाची खात्री केस पाहूनच होईन. हातापायावर पूरे केस येऊ दे, मंग साक्षगंध. तवरीक एकही केस भादरायचा नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी लोकेशने काच ओरखडे खाली करून टीपॉयवर बसवली, तिन्ही पाती गोणपाटात गुंडाळली आणि आठच्या बसने चंद्रपूरला धारेला पाठवली. बस खरंच सुटते का, हे पाहायला आई स्टँडवर सोबत आली होती.