परदेशापुरतं पथ्य

सन चौसष्टच्या पोळ्यानंतर नेरकडच्या मारोतरावांची, कापूस पाहायला इजिप्तला जाणाऱ्या शेतकऱ्यांच्या शिष्टमंडळात निवड झाली. मारोतरावांना मधुमेह होता. त्यामुळे गावापुढे एक गंभीर प्रश्न उभा राहिला : परक्या मुलखात त्यांचं पथ्य कोण सांभाळणार?

खरं तर हा प्रश्न त्यांच्या पत्नीला, वच्छलाबाईंना पडला होता. पण एवढा मोठा प्रश्न एकट्या बाईकडे राहू देणं ग्रामपंचायतीला प्रशस्त वाटेना. सरपंच बापूजींनी तातडीची सभा बोलावून ‘परदेश आहार-दक्षता समिती’ स्थापन केली. ‘मारोतरावांच्या पोटात साखरेचा कणही जाऊ नये’ असा ठराव एकमतानं मंजूर झाला. गावात एकमत पुष्कळ वर्षांनी झालं होतं, म्हणून आनंदानं पेढे वाटले. पहिला पेढा अर्थातच मारोतरावांना.

“बापूजी, आत्ताच तं ठराव केला ना तुमी!” वच्छलाबाई म्हणाल्या.

“नाव नीट वाचा, वैनी. परदेश आहार समिती हाये. गावाची हद्द तिच्या कार्यक्षेत्रात येत नाही.”

“पोट तं तेच हाये ना?”

“पोट तेच. हद्द येगळी.”

पंचायतीचा मान राखावा म्हणून मारोतरावांनी पेढा तोंडात टाकला. त्यांचा चेहरा काही फार दुःखी दिसला नाही.

यवतमाळच्या डॉक्टरांनी मात्र साफ सांगितलं होतं. काचेच्या नळीत निळं औषध आणि लघवीचे थेंब घालून तापवायचं. निळं राहिलं तर प्रवासाच्या कागदावर सही, रंग बदलला तर माणूस घरी. त्या दिवशी नळी हिरवी आली. “निघण्याआधी पुन्हा पाहू,” डॉक्टर म्हणाले. मारोतरावांचा जीव टांगणीला लागला. तिकडचा लांब धाग्याचा कापूस एकदा आपल्या चिमटीत धरून ओढून पाहावा, ही त्यांची जन्माची हौस.

मग निरोपाचे सत्कार सुरू झाले. जिनिंगवाल्यांनी जिलेबी केली, भजनी मंडळानं बुंदी. शाळेत हेडमास्तरांनी मधुमेहाच्या दुष्परिणामांवर हृदयद्रावक भाषण केलं आणि श्रीखंड वाढलं. वच्छलाबाईंनी तक्रार करताच समितीनं तिची गंभीर दखल घेऊन एक चाखणी उपसमिती नेमली. मारोतरावांच्या ताटातला प्रत्येक पदार्थ उपसमिती आधी खाऊन पाही, ‘गोड आहे’ असा अभिप्राय देई आणि मगच तो त्यांना वाढला जाई.

नळी पिवळी झाली. मग विटकरी झाली. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

त्या संध्याकाळी वच्छलाबाईंनी दमणी जुंपायला लावली. मारोतराव, ज्वारीचं पीठ, मेथीदाणे आणि कारल्यांची टोपली गाडीत घातली आणि नाल्यापलीकडच्या मळ्यातल्या खोपीत नेऊन उतरवली. सकाळ-संध्याकाळ भाकर, कारलं आणि वर मेथीचा काढा. मारोतराव म्हणत, “ह्याच्यापरीस न गेलेलं बरं.” बाई म्हणत, “गिळा मुकाट्यानं.”

बापूजींना पत्ता लागायचा तो लागलाच. पेढ्यांचा पुडा घेऊन ते बांधावर हजर झाले. “काहून लपून राह्यले, मारोतराव? तोंड गोड केल्याबिगर कोनी सातासमुद्रापलीकडे जाते काय?”

वच्छलाबाई विळा हातात घेऊनच आडव्या आल्या. “थांबा, बापूजी. तुमच्या पंचायतीची हद्द कुठलोक हाये?”

“नाल्यालोक.”

“मंग हा कोनाचा मुलूख?”

“पलीकडच्या पंचायतीचा.”

“म्हंजे तुमाले परदेश झाला. इथं तुमचा ठराव लागू होते.”

बापूजी विचारात पडले. ठराव त्यांच्या स्वतःच्या सहीचा होता. आयुष्यात प्रथमच आपल्या एखाद्या ठरावाची अंमलबजावणी करण्याची वेळ त्यांच्यावर आली होती. जड अंतःकरणानं त्यांनी पुडा मिटला, नाला ओलांडून आपल्या हद्दीत गेले आणि तिथं बसून सगळे पेढे स्वतः खाल्ले.

नळी निळी आली. सही झाली. मारोतराव इजिप्तला जाऊन, धागा ओढून, धडधाकट परत आले. ओसरीवर सारी समिती जमली.

“तिथं पथ्याचं कसं केलं?” बापूजींनी विचारलं.

“वेटरले हातानंच सांगतलं, साखर नको. त्यानं मान हालवली अन् साखर उचलून घेऊन गेला.”

“रुसला नाही?”

“नाही.”

“एक घास माह्यासाठी, असंही म्हनला नाही?”

“नाही बा.”

“अरारा!” सारी ओसरी हळहळली. “कसा मुलूख म्हनावा!”

दुसऱ्या दिवशी यवतमाळला नळी पुन्हा निळीच आली. वच्छलाबाईंचे डोळे आनंदानं भरून आले. घरी येताच त्यांनी पदर खोचला, पुरण शिजवलं आणि तुपात भिजलेली पोळी नवऱ्याच्या ताटात वाढली.

“अवो, डॉक्टर काय म्हनले होते?” मारोतराव चाचरत म्हणाले.

“डॉक्टरनं साखर बंद केली. हा तं आपल्या घरचा गूळ हाये. अन् एका पोळीनं काय होते?”

गुळाचं हे कारण तुम्हालाही पटलं असेल, तर आमच्या समितीत एक जागा रिकामी आहे. सभेला चहा मिळतो. साखर किती, हे विचारायची पद्धत नाही.