थालीपीठ आणि कचऱ्याचा रकाना

कुणीतरी खोटं बोललंय, बाळांनो. नाव घेत नाही. पण 'अन्न वाया घालवू नका, भलं होईल' असं ज्याने पोरांना शिकवलं, त्याने स्वतः कधी बारावीचं प्रॅक्टिकल दिलेलं नाही, एवढं नक्की.

तर, घाटापलीकडे एक दाट जंगल होतं. तिथल्या ज्युनिअर कॉलेजात 'अन्न तंत्रज्ञान' हा विषय होता. झिपरी नावाच्या शेकरूचा त्यावर फार जीव. पुढे नदीकाठच्या मोठ्या कॉलेजात तिला तोच शिकायचा होता. त्यासाठी प्रॅक्टिकलला तीसपैकी पंचवीस हवे होते.

प्रश्न आला : पर्यावरणाला जपणारी पाककृती करून दाखवा.

झिपरीने एक कलिंगड फोडलं. लाल गराचं सरबत केलं. बिया भाजून चटणी कुटली. पांढरा गर किसून, सुटलेल्या पाण्यासकट ज्वारीच्या पिठात मळला आणि थालीपिठं लावली. उरली हिरवी साल. तिच्या ताटल्या केल्या.

बाहेरून आलेले परीक्षक सांबर सर थालीपीठ खाऊन खूश झाले. दुसरं मागितलं. मग ताटलीही खाल्ली.

"वा! पाककृतीला वीसपैकी वीस." त्यांनी जर्नलचं शेवटचं पान उलटलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "कचरा किती ग्रॅम?"

"शून्य, सर!" झिपरीची शेपटी फुलली.

"मग विल्हेवाट कशी लावलीस?"

"निघालाच नाही, सर. तीच तर गंमत आहे."

"गंमत तुझी. विल्हेवाटीला दहा गुण आहेत. नसलेल्या कचऱ्याला ते देऊ कसे? रकाना रिकामा दिसला तर वरून मला विचारतील."

"पण सर, ताटली तुम्हीच खाल्लीत!"

"तिची नोंद नाही," सर ओठ पुसत म्हणाले.

वर्गशिक्षिका टिटवीबाईंनी झिपरीला बाजूला घेतलं. "अगं, हट्ट सोड. मागच्या वर्षी त्या गव्याच्या पोराने चार किलो कचरा काढला. पैकीच्या पैकी! आता नदीकाठी शिकतोय."

झिपरीने उरलेल्या आठ थालीपिठांकडे पाहिलं. मैत्रिणींसाठी झाकून ठेवली होती. अजून गरम होती. तिने दात आवळले आणि एकेक उचलून बादलीत टाकलं. वर चटणी ओतली. मग जर्नलात लिहिलं : ओला कचरा, आठशे ग्रॅम. विल्हेवाट : शास्त्रशुद्ध.

तीसपैकी तीस. शेजारी शेरा : 'पर्यावरणाची उत्तम जाण.'

शास्त्रशुद्ध विल्हेवाट म्हणजे कॉलेजचे शिपाई दगडूकाका, जातीने रानडुक्कर. ते आले आणि बादलीत तोंड घालून बसले.

तात्पर्य : पर्यावरण वाचवायचं असेल, तर आधी पोटभर कचरा करून घ्यावा.

बादलीतून तोंड वर काढत दगडूकाका म्हणाले, "कचरा एक नंबर झालाय, झिपरीताई. फक्त पुढच्या वेळी मीठ जरा बेतानं."