रेक्टरबाईंची वास्तू

आमच्या शेजारच्या रेक्टरबाईंनी स्वतःच्या नव्याकोऱ्या घरातला स्वयंपाकाचा ओटा पुन्हा फोडला. पुन्हा म्हणजे, आधी उंच झाला म्हणून फोडला, मग बुटका झाला म्हणून फोडला, मग पोळ्या लाटताना फाटकातून कोण आलं ते दिसत नाही म्हणून फोडला. या खेपेचं कारण मी विचारलंच नाही. मे महिना, अकोल्याचं ऊन, भर दुपार, मी कूलरसमोर नुकताच आडवा झालेलो, आणि भिंतीपलीकडून हमीद मिस्त्रीचा घण. धाड! धाड! आमच्या शोकेसमधल्या कपबशा थरथरायला लागल्या आणि माझं डोकं तापलं.

सांगून ठेवतो, मी मुळातच तापट माणूस आहे. विजेच्या ऑफिसात जन्म गेला. बिलाच्या खिडकीवर बसणारा माणूस थंड डोक्याचा राहील कसा? रिटायर झाल्यावर डॉक्टरांनी दुपारची झोप सांगितली आणि नेमकं तेव्हाच बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर बाईंचं घर उठायला लागलं. दोन खोल्या, पुढे टिनाची सपरी म्हणजे उघडी पडवी, मागे हातभर अंगण. एवढंसं घर, पण कल्ला असा की धरण बांधून राहिले. हमीद मिस्त्री तर रडकुंडीला आला होता. एकदा माझ्याकडे पाणी प्यायला आला तेव्हा म्हणाला, "साहब, ये घर है के स्लेट? बाई लिखती भी है, मिटाती भी है."

रेक्टरबाई म्हणजे इंदूबाई. मूळच्या पातूरच्या, माळ्याच्या घरच्या. भाऊ गजानन अजून तिथे झेंडू-शेवंती पिकवतो. बाईंची मात्र सगळी नोकरी अमरावतीत, मुलींच्या होस्टेलच्या रेक्टर म्हणून. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं माझ्या बायकोने एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाल्या, "मले कोनाचं आयकनं जमत नाही, वहिनी. अन् जो माहं आयकन तसा बाप्या मले पसंत पडला नसता." विषय संपला. रिटायर होईपर्यंत त्या होस्टेलच्याच एका खोलीत राहिल्या. खोली होस्टेलची, पलंग होस्टेलचा, खिडकीचा पडदासुद्धा होस्टेलचा. स्वतःचं म्हणावं असं हे पहिलंच घर. पातूर जवळ पडतं म्हणून अकोल्यात बांधलं. मग पातुरातच का नाही? तर, "भावाच्या दारी पाव्हनी म्हनून बरं वाटते. रोजची झाली का जड होते."

नोकरी सुटली, पण रेक्टरपण काही सुटलं नाही. सूर्य वर आला की बाई सपरीत उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या. "चला, उठा! आवरा!" कोणाला उद्देशून, ते त्यांनाही माहीत नसावं. आख्खी गल्ली उठायची. रस्त्यावर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना थांबवून, "ए पोट्टेहो, घरी सांगून आले काय?" अशी हजेरी घ्यायच्या. मी तर साठी ओलांडलेला माणूस, पण भाजी घेऊन फाटकात शिरलो की पलीकडून आवाज यायचा, "भाऊसाहेब, कुठी गेले होते? येवढा वेळ?" आणि काय सांगू, सख्ख्या आईला कधी उत्तर दिलं नाही असा मी, हातात पिशवी धरून त्यांना सांगायला लागायचो की मेथी कुठे चांगली मिळाली नाही आणि उशीर का झाला. बायको खिडकीत उभी राहून हसायची.

घरावर मात्र बाईंचा जीव! स्लॅब पडला की त्यावर पाणी मारतात, आमच्याकडे तराई म्हणतात त्याला. काही दिवस मारायचं आणि सोडून द्यायचं. बाईंनी सोडलंच नाही. खांबांना ओला बारदाना गुंडाळला, भिंतींवर तांब्यातांब्याने पाणी शिंपडलं. हमीद म्हणाला, बस हो गया. तर त्याच्यावर डाफरल्या, "तुमाले काय समजते? लेकराले पानी पाजाले कोनी मना करते काय?" आमच्या लेआउटला, म्हणजे वस्तीला, नळ येतो तो मर्जीनुसार. स्वतःचे ड्रम संपले की बाई आमच्या टाकीवर बादली घेऊन हजर. मी नाही म्हणायला तोंड उघडायचो आणि बायको आतून ओरडायची, "घ्या वो बाई, घ्या!"

बघायला येणाऱ्याची तर सुटका नव्हती. त्याला प्रत्येक बटण दाबून बघावं लागे. "दाबा, दाबा. भेता कायले? पाहा कसं मऊ हाय." दाराची कडी लावून बघावी लागे. समोरच्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी रंगांचे इतके नमुने फासून ठेवले होते की भिंत शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्यांसारखी दिसायची. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तिच्यासमोर जाऊन उभ्या राहायच्या. मला विचारलं, "यातला कोनता थंड वाटते?" मी म्हणालो, अकोल्यात कुठलाच रंग थंड नसतो. त्यावर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही बोलायला गेलो नाही, म्हटलं चला, तेवढीच शांतता.

आणि एवढा जीव असूनही बाई त्या घरात झोपत नव्हत्या, हे ऐकून कोणाला खरं वाटणार नाही. वास्तुशांती झाली नव्हती ना! ती झाल्याशिवाय आत अंथरूण टाकायचं नाही, असं त्यांचं ठाम. मग झोपायच्या कुठे? सपरीत. फोल्डिंगच्या पलंगावर. थंडीत कानाला मफलर गुंडाळून, उन्हाळ्यात ओला टॉवेल अंगावर टाकून. पावसाळ्यात टिनावर असा ताशा वाजायचा की माझी झोप मोडायची आणि त्या मात्र आपल्या पलंगावर छत्री उघडून बसलेल्या. मी चिडून बायकोला म्हणायचो, "आत पक्कं घर हाय अन् हे बाई फाटकात राखन करून राहिली!"

बरं, वास्तुशांती करायला कोणी अडवलं होतं? तारीख निघायची. गुरुजी ठरायचे. गजानन पातुरात फुलं राखून ठेवायचा. आम्ही गल्लीतले लोक गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे खायच्या तयारीने पोट हलकं ठेवायचो. आणि ऐन वेळी बाई काहीतरी फोडायच्या. कधी ओटा, कधी न्हाणीची फरशी, एकदा तर दार आत उघडतं ते बाहेर उघडायला पाहिजे म्हणून चौकट उखडली. मग कमरेवर हात ठेवून सांगायच्या, "काम अपुरं हाय. अपुऱ्या घराची कायची वास्तू?" की तारीख पुढे. घर झालं त्याला वर्ष उलटून गेलं, पण काम काही संपेना.

त्या मेच्या दुपारी मात्र माझा तोल सुटला. बनियनवरच गेलो. बाई फुटक्या ओट्याच्या मलब्यात उभ्या होत्या, केसांवर सिमेंटची धूळ.

"रेक्टरबाई," मी म्हणालो, "तुमी घर बांधून राहिल्या का पाडून राहिल्या? परवावर वास्तू आली. लोकाईले झोपू द्याचं का नाही?"

मला वाटलं, आता भडकतील. पण त्यांनी हमीदला चहा प्यायला बाहेर पाठवलं आणि सिमेंटच्या पोत्यावर बसल्या. म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमच्या वास्तूले पाटावर कोन बसलं होतं?"

"कोन म्हंजे? मी अन् माही बायको."

"मंग? माह्या वास्तूले कोन बसन?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"गुरुजी म्हने, जोडाच लागते. भावाले अन् भावजयीले बसवा, तुमी सैपाकाचं पाहा." बाई पदराने तोंड पुसत बोलत होत्या. "मी म्हटलं, बाप्याची बायको नसली तं तो कमरेले सुपारी खोसते अन् बसते पूजेले. मी बी खोसतो. तं म्हने, बाईसाठी तसं नसते."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. मग माझंही गेलं.

"गजा काही परका नाही," त्या म्हणाल्या. "पन जनमभर लोकाच्या पोट्ट्या सांभाळल्या, लोकाच्या खोलीत राहिली. एक हे घर माहं झालं. त्याच्याई पूजेले मी दारात उभी राहू काय? तारीख जवळ आली का मले ते दोन पाट दिसाले लागते. मंग काही तरी फोडतो."

मी घरी आलो. झोप तर गेलीच होती, पण आता राग कोणावर काढावा तेच कळेना. शेवटी बायकोचा मोबाइल घेतला, त्यात बाईंनी दिलेला गजाननचा नंबर होता, आणि त्याच्यावर काढला. त्याची ना ओळख ना पाळख, तरी मी वाट्टेल ते बोललो. तो बिचारा पातूरहून एवढंच म्हणत राहिला, "मले काय मालूम, भाऊसाहेब? ताई कदी बोललीच नाही. मले वाटे, मी नाही बसलो तं तिले वाईट वाटन." मग म्हणाला, "आता तारीख नाही हालत. तिले म्हना, फोडाचं ते फोड, आमी येतोच."

आणि आला. टेम्पोभर झेंडू, बायको, गोवऱ्यांचं पोतं. ओटा तसाच अर्धवट फुटलेला. अंगणात रोडग्यांसाठी गोवऱ्या पेटल्या, वांग्यांची भाजी चढली. बाई पिवळं पातळ नेसून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या आणि टाळ्या न वाजवता, कोणावर न ओरडता, नुसत्या उभ्या होत्या. वर्षभरात मी त्यांना असं गप्प पाहिलं नव्हतं. मला ते बघवेना.

गुरुजींनी दोन पाट मांडले. "यजमान, या बसा."

गजानन म्हणाला, "गुरुजी, ताई बसन."

"अहो, दांपत्य लागतं. शास्त्र आहे ते."

"घर ताईचं हाय. मी तं फुलं घेऊन आलो."

गुरुजींनी पुन्हा शास्त्र काढलं आणि मग मला राहवलं नाही. माझा आवाज बिलाच्या खिडकीवर कमावलेला. "गुरुजी, लाइटचं बिल बाईच्या नावानं येते, ते मी सोता पाह्यलं हाय. नळ तिच्या नावानं, टॅक्स तिच्या नावानं. तिथी कोनी जोडा मांगत नाही. मंग देवालेच काय अडचन हाय?"

बायकोने मागून माझा सदरा ओढला. गल्लीतले लोक हसले. गुरुजींनी उपरण्याने घाम पुसला, रोडग्यांच्या धुराकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बरं बाप्पा. बसा बाई. पण बाजूचा पाट रिकामा नको, त्यावर सुपारी ठेवू."

सुपारी ठेवली. पाट थोडा तिरका होता, हमीदच्या फरशीचा प्रताप. सुपारी गडगडत खाली आली. पुन्हा ठेवली, पुन्हा आली. तिसऱ्यांदा बाईंनी स्वतः उचलून विड्याच्या पानावर टेकवली आणि डोळे वटारून म्हणाल्या, "नीट बस!" आख्खं घर हसलं. गुरुजीही हसले. सुपारी मात्र बसली.

संकल्पाला गुरुजी म्हणाले, नाव सांगा. होस्टेलात हजेरी घेताना करतात तशी बाईंनी मान ताठ केली. "इंदुमती," म्हणाल्या, आणि मध्येच एकदा घरभर नजर फिरवली. गुरुजी थांबले. गजानन झेंडूच्या ढिगाआड तोंड फिरवून उभा होता. मग बाईंनी बापाचं नाव, आडनाव, सगळं खणखणीत सांगितलं, असं की रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जावं.

रोडगे झकास झाले होते. मी जरा जास्तच खाल्ले. दिवेलागणीला गजानन टेम्पो घेऊन पातूरला निघाला, पाहुणे पांगले, हमीद आपल्या फळ्या सारख्या करून गेला. बाईंनी सपरीतला पलंग आत ओढून नेलेला मी पाहिला. चला, म्हटलं, लागली एकदाची मार्गी.

मी फाटकाला कडी लावत होतो तर बाई पलीकडून आल्या. अजून तेच पिवळं पातळ. फाटकाच्या गजाला धरून उभ्या राहिल्या.

"काही राहिलं काय?" मी विचारलं.

"नाही. काहीच राहिलं नाही." मग खाली पाहत म्हणाल्या, "भाऊसाहेब, वहिनीले आजच्या रोज माह्या इकडे झोपाले पाठवता काय?"

मला कळेना. ही बाई वर्षभर रस्त्याच्या तोंडाशी एकटी झोपली होती.

"सपरीत जाता येता लोकं दिसत," त्या म्हणाल्या. "होस्टेलात भिंतीच्या पल्याड पोट्ट्या राहत. सारखा कल्ला. मी रागवे त्याईले. आज दार लावलं अन् आत उभी राहिली, तं आपलाच श्वास आयकू आला, बाप्पा." त्यांचा आवाज पार लहान झाला होता. "हट्टानं एकटी बसली पाटावर. आता एकटीनं झोपाचं म्हटलं तं पाय उचलत नाही."

मी फाटकाची कडी काढली. बायकोने आतून सगळं ऐकलं असावं. तिने विचारलंसुद्धा नाही, तिथूनच आवाज दिला, "आली वो बाई! थांबा, उशी घेऊन येतो."

"उशी नका आनू, वहिनी," बाई घाईघाईने म्हणाल्या. "उश्या मी दोन घेतल्या हायेत."