रजईतला आवाज

आदिलाबादच्या मे महिन्यात, अंगावरचा सदराही जिथे ओझे वाटतो तिथे, आमचे शेजारी प्रल्हादराव कापसाची जाड रजई डोक्यावरून ओढून आत बोलत बसत. प्रथम पाहिले तेव्हा मला त्यांच्या प्रकृतीची काळजी वाटली; विचारण्याचा धीर मात्र झाला नाही. घामाने निथळत तेच बाहेर आले. “आवाज भरून राह्यलो, मास्तर. रजई नसली का ऑटोचे भोंगेबी भरतात.”

तहसील कचेरीतल्या संगणकावर नोकरी संपवलेल्या या एकट्या गृहस्थांनी एक प्रोग्राम लिहिला होता. एका मोठ्या समाजमाध्यमावरचा मजकूर तो मोबाइलवर आपल्या बोलीत, प्रल्हादरावांच्याच आवाजात वाचून दाखवी. बाजारहत्नूरकडच्या खेड्यातल्या त्यांच्या थोरल्या बहिणीला, गयाअक्कांना, वाचता येत नव्हते, आणि अक्कांचा मुलगा सुरेश हैदराबादहून जे कळवी ते त्या माध्यमावरच. हळूहळू गावातल्या इतर बायकांनीही तो आवाज आपापल्या मोबाइलमध्ये घालून घेतला.

कंपनीची परवानगी अर्थातच नव्हती. प्रल्हादराव तिला ‘जहागीरदार’ म्हणत. ती वाट बंद करी, ते दुसरी शोधत. “त्यानं फाटक लावलं, आपन शेताच्या धुऱ्यावरून गेलो!” नोटीस आली की चष्मा पुसून ते पडद्याला बजावत, “दरखास्त नामंजूर!”

शेवटची नोटीस मात्र, उत्तराचे इंग्रजी नीट करून घ्यायला, ते माझ्याकडे घेऊन आले. प्रोग्राम मागे घेतला नाही, तर तो वापरणाऱ्यांचीही खाती कायमची बंद होणार होती. शिवाय, मूळ मजकुरात नसलेले शब्द तो पदरचे घालतो, असा आरोप होता.

“कोणते शब्द?” मी विचारले.

ते खिडकीबाहेर पाहू लागले. “सुरेश गाडीचा फोटो टाकते, हाटेलातल्या ताटाचा टाकते. खाली एक अक्षर नाई. अक्काले काय आयकवू? म्हनून त्याच्या नावापुढं एक ओळ लावली. माय, जेवली काय?”

एकदा चुकून ती ओळ सगळ्यांच्याच नावापुढे लागली होती. साडीच्या जाहिरातीपासून पुढाऱ्याच्या वाढदिवसापर्यंत जो तो गावातल्या बायकांना जेवणाचे विचारू लागला. एकीनेही तक्रार केली नाही.

“अक्काचं खातं बंद झालं तर पोराचं तोंडबी दिसनार नाई,” ते म्हणाले. उत्तर न लिहिताच उठले. प्रोग्राम मागे घेतला, रजई घडी करून ठेवली.

परवा संध्याकाळी त्यांचे वर्तमानपत्र परत द्यायला गेलो, तर ते फोनचा स्पीकर लावून अक्कांना सुरेशचा नवा फोटो सांगत होते.

“...अन खाली लिवलं त्यानं, माय, जेवली काय?”

“जेवली म्हन त्याले,” पलीकडून अक्का म्हणाल्या. मग हळूच, “पल्हाद, सुरेश मले कधीचा मम्मी म्हनते रे.”

प्रल्हादरावांनी चष्मा काढून पुसला.

“तू जेवला काय?”

“जेवलो ना अक्का. आत्ताच.”

मी दारातच उभा होतो. स्वयंपाकाच्या ओट्यावर त्यांचे एकुलते पातेले कोरडे, पालथे पडलेले होते.