कोबेच्या बाईची चौकशी

इसवी सन १९२६ च्या मार्गशीर्षात रत्नागिरीच्या नीतिमत्तेवर जे संकट आले, ते थेट जपानहून, बोटीने आले.

आणले मजीद खलाशाने. कोबे बंदराच्या जुन्या बाजारात त्याला एका सिनेमाची सहा रिळे मिळाली, ती त्याने मांडवीच्या तंबूवाल्याला देऊन टाकली. सिनेमा मुका, मधली अक्षरे जपानी. म्हणजे सगळी भिस्त आत्मारामवर. पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट सांगायचे काम त्याचे. जपानी त्याला ओ की ठो कळत नव्हते, पण तेवढ्याने अडेल तो आत्माराम कसला! त्याने आपल्या मनाने गोष्ट रचली. नवरा जहाजावर गेलेला, बायको रोज संध्याकाळी कंदील घेऊन धक्क्यावर उभी, अशी नऊ वर्षे. सहाव्या रिळात नवरा येतो, तिचा हात धरतो आणि ढसाढसा रडतो. तंबूतल्या अर्ध्या बायकांचे घोव मुंबईला, नाहीतर बोटीवर. तिथे असा हुंदका उठायचा की पेटीवाल्याचा हात थांबायचा.

त्या हुंदक्यासाठीच आत्माराम जगत होता. ऐन तारुण्यात तो नाटक कंपनीत नायिका होता. गावातल्या सुना त्याचे बघून नऊवारी नेसायच्या. मग आवाज घोगरला, पोट सुटले आणि मालकाने एका दुपारी शालू काढून घेतला. हा तंबू गेला, तर त्याला द्वारपालाचेही काम कोणी देणार नव्हते.

आणि तंबू जायचीच वेळ आली. लोकसद्वर्तन समितीचे अध्यक्ष रावसाहेब शेवडे यांनी हरकत घेतली. "आपल्या रंगभूमीवर बायकांची कामे पुरुष करतात, म्हणून आपली कला सोवळी. पडद्यावरील सदर स्त्री ही स्त्री असल्याचे आढळल्यास तंबू बंद!"

आत्माराम पुढे झाला. "रावसाहेब, ती बाई नाहीच. कंदील उचलताना कोपर कसं अंगाशी धरलंय बघा. मी बारा वर्षं तेच केलं. जन्माची बाई एवढे कष्ट कशाला घेईल?"

"पुरावा?"

मजीदला बोलावणे गेले. "बाप्या हाय तो, साहेब. कोबेत मी त्याच्या हातचा चहा प्यालोय. चार पोरं हायत त्याला. पूर्वी त्याच्यासारखी फणी घ्यायला पोरींची झुंबड उडायची म्हणे. आता तिकडे सिनेमात खऱ्या बायका आल्या न् ह्याला काढला. सिनेमाच्या थेटराच्या दारात लोकांच्या छत्र्या सांभाळतो."

समितीला हायसे वाटले. शेरा पडला: 'पात्र पुरुष, सबब शालीन.'

तेवढ्यात समितीतल्या अण्णा वकिलांना शंका आली. "मग शेवटी एक पुरुष दुसऱ्या पुरुषाचा हात धरून रडतो, त्याचं काय?"

सभा हादरली. तीन बैठका झाल्या. ठरले असे की पाच रिळे पात्र पुरुष समजावे, सहाव्यात ते स्त्री समजावे, तीही विवाहित. तशी सूचना आत्मारामने जाहीर द्यावी. ती नीट दिली जाते की नाही हे पाहायला समिती रोज पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर बसू लागली. सतरा दिवस झाले तरी पाहणी पुरी होईना.

बिचारा आत्माराम! नवरा धक्क्यावर पाऊल ठेवतो न ठेवतो, तोच हा रीळ थांबवायला लावून ओरडायचा, "रसिकहो, इथवर बाप्या, इथून पुढे बाई!" रडणे संपले. लोक पात्राचा गळा न्याहाळू लागले, मनगटावरून पैजा लावू लागले. गंगुबाई कोळीण तेवढी करवादली, "मेल्यांनो, तिचा घोव आलाय, रडू द्या ना तिला!" तिला खाली बसवण्यात आले. तंबूला गर्दी मात्र दुप्पट झाली.

तरीही कागद हवा म्हणून समितीने खुद्द नटाकडे खुलासा मागितला. मजीद पुढच्या सफरीला पत्र घेऊन गेला. पावसाळा सरून तंबू पुन्हा उभा राहिला, तेव्हा तो उत्तर घेऊन आला. कोणाकडून तरी इंग्रजीत लिहवून घेतलेल्या चार ओळी: 'मी पुरुष आहे. आता काम करत नाही. मलाही एक विचारायचे आहे. तुमच्या गावात शेवटी लोक रडतात का?'

"प्रश्न समितीच्या कक्षेबाहेरचा," रावसाहेब म्हणाले. "दप्तरी दाखल करा."

"उत्तर मी लिहू का?" आत्मारामने विचारले. त्याने टाक उचलला, शाईत बुडवला आणि तसाच धरून बसला. मग त्याला तिथेच रडू कोसळले.

रावसाहेब चिटणिसांकडे वळून हळूच म्हणाले, "हा पुरुष म्हणून रडतोय की बाई म्हणून? नोंद कशी करायची?"

हसलात? हसा, हसा. फक्त एवढे सांगा, ती धक्क्यावर किती वर्षे उभी होती? सांगितले होते मी. आता वर जाऊन शोधू नका. तो बाप्या होता, हे मात्र तुमच्या पक्के ध्यानात असेल.