रिकाम्या रकान्यांतली सुधारणा

संशोधनातला सर्वांत मोठा अडथळा म्हणजे ज्यांच्यावर ते केले जाते ती माणसे, याबद्दल आता विद्वानांत दुमत उरलेले नाही. माणसे वेळेवर येत नाहीत, विचारले त्याचे उत्तर देत नाहीत आणि काही तर पाहणी अर्ध्यावर असताना सरळ मरून जातात. (त्यासाठी लेखी परवानगी घेण्याची पद्धत अद्याप रुजलेली नाही.) मागे तक्त्यात राहतो रिकामा रकाना. तो संशोधकाला किती छळतो, हे मेलेल्याला काय कळणार?

हा छळ थांबावा म्हणून आमच्या संस्थेने ‘संशोधनासाठी संख्याशास्त्र’ ही तीन दिवसांची कार्यशाळा भरवली. पहिला दिवस प्रोजेक्टर सुरू करण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरमधले कोणते बटण दाबायचे ते शिकवले. का दाबायचे, हा विषय ऐच्छिक होता. तो कोणी घेतला नाही.

प्रशिक्षणार्थींत दम्याच्या नव्या गोळीवर प्रबंध लिहिणारी एक संशोधिका होती. महिनाअखेर प्रबंध गेला नाही तर तिची नोकरी जाणार होती. साठ रुग्णांपैकी अकरांचे रकाने रिकामे. त्यांत एक तिच्या सख्ख्या काकांचा. रुग्ण कमी पडले तेव्हा तिनेच त्यांना गळ घातली होती.

“सर, अकरा जण मध्येच थांबले,” ती तिसऱ्या दिवशी म्हणाली. “त्यातले तिघे वारले. माझे काकासुद्धा.”

“अरेरे,” प्रशिक्षक म्हणाले. “पण का थांबले, ते सॉफ्टवेअर विचारतंय का? नाही ना? मग उरलेल्यांची सरासरी काढा आणि भरून टाका.”

सरासरी सुधारणा बावीस टक्के निघाली. एक बटण दाबताच अकराही जण बावीस टक्क्यांनी बरे झाले. तिघांनी तर निधनानंतर हे यश मिळवले. हयात रुग्णांत अशी चिकाटी विरळाच. शिवाय अकरांचे आकडे तंतोतंत सारखे आल्याने एकूण चढउतार घटला आणि डळमळीत असलेला निष्कर्ष ठाम झाला. (आणखी काही माणसे गेली असती तर तो आणखी ठाम झाला असता, पण संशोधकाने हाव धरू नये.)

त्याच आठवड्यात काकू तिच्याकडे आल्या.

“खरं सांग गं, त्या गोळीनं तर काही झालं नाही ना त्यांना?”

“नाही काकू. उलट ते सुधारले होते. बावीस टक्के.”

“कधी? शेवटी शेवटी चार पायऱ्या चढवत नव्हत्या त्यांना. तू येऊन बघितलंस तरी का?”

“काकू, एका माणसावरून असं ठरवता येत नाही.”

“अगं, पण मला तर ते एकटेच होते.”

(काकूंनी कार्यशाळा केलेली नाही, हे लक्षात घ्यावे.)

प्रबंध मंजूर झाला. नोकरी टिकली. गोळी बाजारात आली आणि खोक्यावर ‘संशोधनाने सिद्ध’ असे छापले गेले. विकत घेताना तुम्हीही तेवढेच वाचलेत आणि समाधानाने खिशात हात घातलात. आता रोज सकाळ-संध्याकाळ एक घ्या. धाप वाढल्यासारखी वाटली तर जरूर कळवा. कळवणे जमलेच नाही, तर मात्र काळजी नसावी. तुमची प्रकृती सुधारल्याचे आम्ही इथून भरून घेऊ.