राजमतीअक्कांनी शाळेचे कपाट काबीज केले त्याची हकीकत

समस्त वाचणारांस, आणि न वाचताच पुढे ढकलणारांसही मालूम व्हावे की, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष मासी, कोल्हापूर सुभ्यात, शिरोळ परगण्यात, कृष्णाकाठी एका गावी थोर रण माजले. त्यात रक्त सांडले नाही, चहा मात्र बेहद्द सांडला. परंतु मामला इभ्रतीचा, सबब लिहून ठेवणे प्राप्त.

राजमतीअक्का, माहेर जयसिंगपूर, उमर अठ्ठावन्न, पेशा बालकादंबरीकार. चाळिशीत त्यांनी लेखणी उपसली. लेकीच्या जुन्या वह्यांत कोरी राहिलेली पाने हीच दौलत. सकाळी धारा काढाव्या, दुपारी शेतात तणाची भांगलण करावी, आणि मग ओसरीवर ठाण मांडून पाने काळी करावी, ऐसा शिरस्ता. तीन कादंबऱ्या पुण्यावर धाडल्या, तिन्ही ‘साभार परत’ असा खलिता घेऊन माघारी आल्या. अक्का खचल्या नाहीत. चौथी रचली, तीस नाव ‘छपरावरची शेळी’. महापुरात एक शेळी शाळेच्या छपरावर चढते आणि नऊ दिवस उतरतच नाही, ऐसा मजकूर. ती छापली गेली आणि मग तीस राज्यपातळीचा मोठा पुरस्कार जाहला, आणि नाव चहूमुलखी गाजले.

परंतु अक्कांचे काळजात एक काटा सलत होता. पुरस्कार देणारे पंच पन्नाशीचे. कौतुक करणारे साठीचे. पेपरात परीक्षण लिहिणारे गृहस्थ तर सत्तरी ओलांडलेले. आणि एकही पोर ती कादंबरी वाचताना अक्कांनी स्वचक्षूंनी पाहिले नव्हते. त्या दुःखे पाचवी कादंबरी निम्म्यात अडली. यजमान आप्पासो यांनी कारण पुसता हुकूम सुटला की, “एक तरी पोरगं वाचताना दिसल्याबिगर म्या पेन धरत न्हाय.”

आता शत्रूचे वर्णन. गावच्या शाळेस त्या कादंबरीच्या चाळीस प्रती नजर जाहल्या होत्या. हेडसर विजयसिंह, मनुष्य सज्जन, परंतु पुस्तकास जिवापाड जपणारा. त्यांनी चाळीसही प्रती प्लास्टिकसुद्धा काचेच्या दाराच्या लोखंडी कपाटात कोंडल्या आणि किल्ली आपले कमरेस लाविली. दसऱ्यास तेवढ्या बाहेर काढाव्या, हळदकुंकू वाहावे, पोरांनी पाया पडावे आणि मग पुन्हा कुलूप.

अक्का खाशा चालून गेल्या. हेडसरांनी चहा पाजला आणि काचेतून प्रती दाखवून अभिमानाने सांगितले, “अक्का, बघा, कशी करकरीत हायत! एक पान दुमडू दिलं न्हाय.” अक्का कपाळाला हात लावून माघारी. मग आप्पासोंस वकील करून धाडले. ते दोन कप चहा पिऊन फितूर जाहले आणि उलट अक्कांच्या सत्काराचा करार करून आले.

“फेटेवाला कोल्हापूरचा सांगितलाय,” असे ते खुशीत वदले.

अक्कांनी डोईवरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “असं व्हय? मग येतो की.” आप्पासोंस वाटले, तह जाहला.

सत्काराचे दिवशी मांडव सजला, हलगी कडाडली, पंचायत समितीचे सभापती येऊन खुर्चीवर विराजमान जाहले, आणि पोरे खाली सतरंजीवर शिस्तीत बसविली. फेटेवाला कापड घेऊन पुढे सरसावला, तोच अक्कांनी डोईवर हात ठेवून फर्माविले की, कपाट उघडेतोवर या डोक्यास फेटा लागणार नाही. मांडवात हाहाकार. फेट्याविना सत्कार कसा? हलगी थांबली.

“अगं, पावणं ताटकळल्यात, काय म्हणतील?” आप्पासो गयावया करू लागले.

“म्हणू द्या की.”

सभापतींनी घड्याळ पाहिले. हेडसरांनी सभापतींकडे पाहिले. आणि मग कमरेची किल्ली निघाली, कपाट सर जाहले, चाळीस प्रती पोरांचे हाती आल्या.

आणि तेथेच घात जाहला. पोरांनी पुस्तक कपाळास लाविले, मांडीवर ठेविले आणि हात जोडून बसली. उघडले एकानेही नाही. किल्ला हाती आला आणि आत मुलूखच नाही, ऐसे अक्कांस जाहले.

मग अक्का मंचावरील पाहुण्यांची भडंगाची बशी उचलून खाली उतरल्या आणि पाचवीतील संयोगिता नामे पोरीशेजारी सतरंजीवर बसल्या. पुस्तकाचे प्लास्टिक टराटरा फाडले, त्याची पाठ उलटी मोडली, भडंगाचा बकाणा भरला आणि त्याच तेलकट बोटाने पान उलटले. पानावर पिवळाजर्द ठसा उठला.

“अक्का, डाग!” हेडसर कळवळले.

“डाग न्हवं सर, शिक्का हाय ह्यो.”

संयोगिता हळूच पुसती जाहली, “अक्का, पाप लागत न्हाय व्हय?”

“लागलं तर माझ्या नावावर घाल. खा आणि वाच.”

पोरीने भडंग घेतले, वाचले आणि निकाल दिला, “पयलं पान लई रटाळ हाय की वो.”

पुरस्काराचे पंचांस जे बोलवले नाही, ते पोरीने एका घासात बोलून टाकले. अक्कांचे डोळे भरले, आणि राग म्हणावा तर मुळीच नाही. “व्हय गं, माझं बी तेच मत. म्होरं बघ.” पोरीने पान उलटले. लगोलग आणखी एक उलटले. मग शेजारचीने प्लास्टिक फाडले, मग मागच्याने, आणि मग बशी रांगोरांग फिरली.

अक्कांनी मुकाट फेटा बांधून घेतला. सभापतींनी बालवाङ्मयाचे महतीवर पाऊण तास भाषण केले आणि शेवटी टाळीसाठी थांबले. टाळी पडेना. चाळीस मुंड्या खाली. कोणी एक मधूनच फिस्सकन हसले. हेडसर पोरांस दटावण्यास उठले, तो अक्कांनी त्यांचा सदरा धरून खाली ओढिले.

“बसा सर. शेळी अजून छपरावर हाय.”

येणेप्रमाणे मोहीम सिद्धीस गेली. एकंदर प्रती चाळीस, पैकी डाग पडलेल्या चाळीस. टाळी एकही पडली नाही. ऐशी फत्ते या गावी पूर्वी कोणाची जाहली नव्हती, हे दप्तरी दाखल असावे.